बेनीभाऊंची बावीस मिनिटं

आमची आणि वेनियामिन ल्वोविच झारूबिन यांची ओळख आईच्या कुकरमुळे झाली. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या एका जुन्या भाड्याच्या टॉवरमध्ये आम्ही नवव्या मजल्यावर राहतो आणि ते दहाव्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर. सहा वर्षांत लिफ्टमध्ये भेटलो की थंडी किती आहे तेवढं एकमेकांना सांगायचो. वरून रोज सकाळी पियानोचे तुकडे ऐकू यायचे. माझ्या नवऱ्याला, विशालला, वाटायचं की ते पियानो दुरुस्त करतात. मग माझी आई, कांताबाई, आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या सुपर व्हिसावर अकोल्याहून आली. माझ्या कुकरवर विश्वास नसल्यामुळे ती स्वतःचा घेऊन आली होती. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दारावर टकटक झाली.

मी ऑफिसात होते, त्यामुळे हे आईकडून ऐकलेलं. दारात एक उंच म्हातारा, अंगात तपकिरी स्वेटर, पायात घरातल्या सपाता, हातात दोन दातांचा लोखंडी काटा. आईला वाटलं, गॅस तपासायला माणूस आलाय. आमची शेगडी विजेची आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. तिने त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं. ते कुकरसमोर हात मागे बांधून उभे राहिले. शिट्टी झाली तसा त्यांनी तो सूर जुळवायचा काटा ओट्यावर आपटला, कानाला लावला आणि डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी हलवतो तशी मान हलवली. नंतर ते पाच मिनिटं बोलले. आईला त्यातला एक शब्द कळला नाही. तिने त्यांना वरण-भात वाढला.

संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली. आपली तक्रार आवाजाबद्दल नाही, असं त्यात लिहिलं होतं. आवाजाला हरकत नाही, अकराव्या मजल्यावर तर ड्रम आहेत. पण तुमच्या कुकरची शिट्टी पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडते, ना धड खालची ना धड वरची, आणि आपण सकाळी संगीत लिहीत असल्यामुळे नंतर कान दोन्ही पट्ट्या नाकारतो. शिट्टी किंचित वर किंवा किंचित खाली घेता येईल का? जेवण उत्तम होतं.

मी हसले. आई हसली नाही. तिने शिट्टी काढली, जुन्या टूथब्रशने आतून घासली, भोकातला वर्षानुवर्षांचा डाळीचा थर काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. शिट्टी वर गेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी ते चॉकलेटचा डबा घेऊन दारात हजर.

वेनियामिन ल्वोविच हे नाव आईच्या तोंडात बसेना. ती त्यांना बेनीभाऊ म्हणू लागली. रशियात थोरांना नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची पद्धत असते, हे त्यांनी तिला दोनदा समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यातबी तसंच हाय, बेनीभाऊ." तेव्हापासून ते बेनीभाऊ झाले. पुढे तर त्यांनी स्वतःच्या लेटरबॉक्सवरही तसं चिकटवलं, कारण त्या नावाने येणारी त्यांची पत्रं आमच्याकडे पडत होती आणि पोस्टमनला त्याचं स्पष्टीकरण हवं होतं.

त्यांचं आयुष्य आम्हाला तुकड्यातुकड्याने कळलं. ते त्यांच्या इंग्रजीत सांगायचे, माझी तेरा वर्षांची मुलगी कृतिका ते आजीला अर्धवट मराठीत सांगायची, आणि आईला वाटेल तिथे ती त्यात भर घालायची.

जन्म एक्केचाळीसचा, उरल पर्वताकडच्या एका लहान गावात. वडील अग्निशमन दलात, आणि दलाच्या बँडमध्ये तुतारीसारखं एक मोठं पितळी वाद्य वाजवायचे. गावात आग क्वचित लागायची, त्यामुळे बँडची तयारी उत्तम होती. लहानग्या वेनियामिनने सात वर्षांचा असताना त्या बँडसाठी पहिली चाल लिहिली. मग मोठ्या शहरात पाच वर्षं संगीताचं शिक्षण, आणि शेवटी पदवीसाठी सिम्फनी. चाळीस मिनिटांची, चार भागांची.

समितीने ती ऐकली आणि शेवटचा भाग उदास आहे म्हणून आनंदी करायला सांगितला. यांनी आनंदी केला. मग समिती म्हणाली, फार मोठ्याने आनंदी आहे. तोही आवरला. अखेर कार्यक्रमाच्या दिवशी वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरला रात्रीची गाडी पकडायची होती. त्याने सगळं दुप्पट वेगाने हाकलं आणि तिसरा भाग वाजवलाच नाही. चाळीस मिनिटांची सिम्फनी एकोणीस मिनिटांत आटोपली. स्थानिक वर्तमानपत्राने तिला आटोपशीर आणि कामसू म्हटलं.

हे ऐकून आईने कृतिकाला विचारलं, "कंडक्टर होता ना? मंग त्याच्याबिगर गाडी सुटली कशी असती?"

कृतिकाने ते भाषांतर न करता सोडून दिलं.

पुढे सरकारने त्यांना एका प्रादेशिक फिल्म स्टुडिओत नेमलं. तिथे त्यांनी एकसष्ट माहितीपटांना संगीत दिलं. बीटची काढणी, रेल्वे फाटकावरची सुरक्षितता, मधमाश्यांना होणारे आजार. आपलं सर्वात चांगलं काम मेंढ्यांच्या खुरांच्या रोगावरच्या माहितीपटात आहे असं त्यांचं ठाम मत आहे. तो माहितीपट पाहून पशुवैद्य रडले होते म्हणे. मात्र तिथेही संपादक कात्री घेऊन बसलेला असायचा. मेंढी संपली की संगीत संपायचं.

प्रसिद्धी मिळाली ती अकरा सेकंदांना. शहराच्या रेडिओवर हवामानाच्या बातम्यांआधी वाजायला एक धून हवी होती. यांनी तीस सेकंदांची दिली, रेडिओने अकरा ठेवली. ते अकरा सेकंद बावीस वर्षं दिवसातून पाच वेळा वाजले. नऊ लाखांच्या शहरात ती धून येत नाही असा माणूस नव्हता. खाटकाच्या दुकानात बेनीभाऊ ती शिट्टीवर वाजवायचे आणि खाटीक आतून चांगला तुकडा आणायचा. त्या धुनेनंतर ज्या बाई हवामान वाचायच्या, त्या लिदिया यांच्याशी त्यांनी लग्न केलं. अठरा वर्षं रोज पाच वेळा आधी ते आणि मग त्या. आईला हा भाग फार आवडला. तो तिने तीन वेळा सांगायला लावला आणि तिसऱ्यांदा स्वतःच पुढचं पुढचं सांगत गेली.

मग तो देशच संपला. स्टुडिओच्या जागेत फर्निचरचं दुकान आलं. पंच्याण्णव साली दोघं टोरांटोला आले. इथे बेनीभाऊंनी बॅलेच्या क्लासमध्ये पियानो वाजवला, लोकांचे पियानो लावून दिले, एका कोरियन चर्चमध्ये नऊ वर्षं ऑर्गन वाजवला, आणि कोरियन भजनं त्यांना रशियन गाण्यांपेक्षा जास्त पाठ झाली. नऊ वर्षांपूर्वी लिदियाबाई गेल्या. एवढं सगळं होताना ते रोज सकाळी नऊ ते बारा लिहीत होते. कपाटं भरली होती. अठ्ठावीस वर्षांत कॅनडात कोणी त्यांच्याकडे एकही रचना मागितली नव्हती. हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, आपल्या भागात अमुक भाजी मिळत नाही असं सांगावं तसं.

जानेवारीत आमच्या आंबेडकर असोसिएशनची मीटिंग आमच्या घरी होती. अध्यक्ष राजरत्न सोनोने मिल्टनहून आले होते. ते बँकेत आयटीत आहेत आणि कुठलंही वाक्य "बेसिकली" ने सुरू करतात. विषय एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाचा होता. आदल्या वर्षी गाणी फोनवरून लावली होती. वातावरण अगदी भारलेलं असताना मध्येच विंटर टायर्सची जाहिरात वाजली आणि दोनशे माणसं गंभीर चेहऱ्याने ती पूर्ण ऐकत उभी राहिली. या वर्षी तसं होऊ द्यायचं नाही, बेसिकली काहीतरी ओरिजिनल पाहिजे, असं राजरत्नभाऊ म्हणत होते. चहा देता देता आई म्हणाली, "वर एक मानूस राहते. गानं बनवते."

सगळे वर गेले. बेनीभाऊंनी दार उघडलं, ऐकून घेतलं, एक मिनिट म्हणाले आणि दार लावून घेतलं. आम्ही पॅसेजमध्ये उभे. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात काळा सूट आणि टाय होता. मग त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि विचारलं, गायक किती?

आमच्याकडे गायक नव्हतेच. पण सुटाकडे बघून राजरत्नभाऊंना कमी सांगवेना. ते म्हणाले, "फोर्टी."

गाणं किती मोठं हवं, हे सांगायचं त्या गडबडीत राहून गेलं.

शब्द लिहायचं काम प्रेमानंदकडे होतं. हा आमचा असोसिएशनचा सेक्रेटरी, ट्रान्झिटच्या ऑफिसात बसची वेळापत्रकं बनवतो आणि कविता करतो. त्याने आठवड्याभरात सोळा कडवी लिहिली. बेनीभाऊंनी मात्र आधी अट घातली: ज्या माणसाबद्दल लिहायचं तो कोण होता, ते मला कळलं पाहिजे. मी त्यांना लायब्ररीतून इंग्रजी पुस्तकं आणून दिली. ती त्यांनी वाचलीही. पण खरं शिक्षण आमच्या डायनिंग टेबलावर झालं. रोज दुपारी आई बाबासाहेबांबद्दल मराठीत सांगायची, ते ऐकायचे, आणि शाळेतून आल्यावर कृतिका त्यात काय होतं ते इंग्रजीत सांगायची. बेनीभाऊ प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारायचे: तिथे आवाज कसला होता? महाडच्या तळ्यावर आवाज कसला होता? शाळेच्या वर्गाबाहेर बसलेल्या मुलाला आतून काय ऐकू येत असेल? आई त्रासून म्हणायची, "मी काय तिथं होती का, बाप्पा?"

पण एका ठिकाणी ती होती. छप्पन्न साली नागपूरला, दीक्षेच्या दिवशी, सात वर्षांची कांता बापाच्या खांद्यावर बसून होती. इतकी मागे, की स्टेजवर कोण आहे ते दिसतही नव्हतं. आवाज कसला होता, असं बेनीभाऊंनी विचारलं, तेव्हा ती त्रासली नाही.

मग म्हणाली, "आमी मागं होतो ना. भोंग्यातून आवाज यायचा, पन आमाले उशिरा. पुढचे लोक म्हनायचे, मंग मधले, मंग आमी. पुढच्यायचं सरून जाय, तरी आमचं चालूच राहे. मले वाटे, आपन सगळ्यायच्या शेवटी हाव, म्हनजे आपल्याजवळ ते सगळ्यात जास्त वेळ राह्यलं."

कृतिकाने ते हळूहळू सांगितलं. बेनीभाऊंनी टेबलावर डोकं खाली घातलं.

"आजी," कृतिका म्हणाली, "ही इज लिटरली क्रायिंग."

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि पदराने टेबल पुसू लागली, जरी ते स्वच्छच होतं.

त्यानंतर दोन आठवडे वरून पियानो ऐकू आला नाही. नुसत्या येरझाऱ्या. प्रेमानंदची सोळा कडवी परत आली ती एका पाकिटात, आणि त्यातलं एकही उरलेलं नव्हतं. बेनीभाऊंना फक्त सहा शब्द हवे होते: आम्ही मागं होतो, आम्हालाही ऐकू आलं. ज्या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी कापलं, त्याने प्रेमानंदला कापताना जराही दया दाखवली नाही. प्रेमानंदने दोन दिवस कोणाचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला फोन करून सांगितलं की सहा शब्द चांगले आहेत, फक्त ते कांताबाईंचे आहेत, त्याचे नाहीत, हे कार्यक्रमपत्रिकेत नीट छापा.

फेब्रुवारीपासून दर शनिवारी राजरत्नभाऊंच्या मिल्टनच्या घरी, बेसमेंटमध्ये तालीम. मी बेनीभाऊंना गाडीने न्यायची. पहिल्या दिवशी ते सूट घालून, चाळीस जणांसाठी चाळीस प्रती घेऊन आले. बेसमेंटमध्ये एकोणीस माणसं होती. त्यांनी दोनदा मोजली. मग बाकीचे अजून गाड्या पार्क करतायत का असं विचारलं. राजरत्नभाऊ ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून आले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा आधीच लाल होता. तो आणखी लाल झाला.

रचना आठ वेगवेगळ्या आवाजांची होती. एकोणीस माणसांत आठ गट पाडल्यावर एका गटात प्रेमानंद एकटाच राहिला. बेनीभाऊंनी प्रत्येकाचा आवाज तपासला आणि वहीत नोंद केली. प्रेमानंदच्या नावापुढे त्यांनी रशियनमध्ये काय लिहिलं ते विचारल्यावर म्हणाले, शेतीचा आवाज. विशालला त्यांनी दोन वेळा ऐकलं आणि अतिशय नम्रपणे पानं उलटण्याचं काम दिलं. खरी अडचण राजरत्नभाऊंची होती. त्यांना गाता येत नव्हतं, फक्त भाषण करता येत होतं. कुठलाही सूर दिला तरी तो "बंधू आणि भगिनींनो" च्या सुरावर येऊन थांबायचा. बेनीभाऊंनी काटा वाजवून तो सूर तपासला. खर्जातला, स्थिर, अजिबात न हलणारा. मग त्यांनी संपूर्ण रचना त्या सुराला धरून खाली उतरवून लिहिली आणि राजरत्नभाऊंना सांगितलं की तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत हा एकच सूर धरायचा, सगळे तुमच्यावर उभे आहेत. राजरत्नभाऊ भारावून गेले. मिल्टनहून सकाळच्या ट्रेनने ऑफिसला जाताना ते तोच सूर धरून बसायचे. त्यांच्या शेजारची सीट रोज मोकळी राहायची.

मार्चच्या पहिल्या शनिवारी सगळं पहिल्यांदा सलग म्हटलं. संपल्यावर राजरत्नभाऊंनी फोन पाहिला. एकतीस मिनिटं.

त्यांचा चेहरा पडला. बेसिकली, ते म्हणाले, आपण चार मिनिटं धरली होती. मुलांचे डान्स आहेत, पाहुण्यांचं भाषण आहे, जेवण आहे, शाळेचा हॉल नऊला परत द्यायचा आहे. आठ करू, फार तर दहा. म्युझिक सुंदर आहे, फक्त जरा छोटं करा.

मी ते बेनीभाऊंना सांगायच्या आतच त्यांना कळलं होतं. छोटं करा हे वाक्य त्यांना कुठल्याही भाषेत ओळखू येत असावं. त्यांनी कागद गोळा केले, कोट चढवला आणि वर जाऊन माझ्या गाडीत बसले. मिल्टनपासून नॉर्थ यॉर्कपर्यंत त्यांनी ते कागद मांडीवर धरून ठेवले. पुढचे आठ दिवस त्यांनी दार उघडलं नाही. आई रोज डबा घेऊन जायची, दाराबाहेर ठेवायची, आणि संध्याकाळी रिकामा घासलेला डबा उचलून आणायची. "जेवते म्हनजे ठीक हाय," ती म्हणायची.

नवव्या दिवशी आमच्याकडे कमिटीची मीटिंग होती. आईने कार्यक्रमपत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागली. पाहुण्यांची ओळख, दहा मिनिटं. पाहुण्यांचं भाषण, वीस. सेक्रेटरींचा अहवाल, पंधरा. अध्यक्षीय भाषण, पंचवीस. आभार, दहा.

मग तिने चष्मा काढला. "राजरत्न, ह्याच्यातलं कोनतं लहान हाय?"

राजरत्नभाऊंना वाईट वाटलं हे दिसत होतं. ते भाषण त्यांनी डिसेंबरपासून लिहिलं होतं, त्यात त्यांच्या वडिलांबद्दल एक पान होतं. पण त्या माणसाचं मन मोठं आहे. ते म्हणाले, "मावशी, माझी चार मिनिटं ठेवा." मग प्रेमानंदला अहवाल ईमेल करणं भाग पडलं, आणि आभार जेवताना मानायचे ठरलं. एकतीस मिनिटं आरामात बसली. राजरत्नभाऊ स्वतः वर गेले आणि बंद दाराला तोंड लावून म्हणाले की पूर्ण एकतीस मिनिटं, कोणी काही कापणार नाही, शब्द देतो.

दार उघडलं. बेनीभाऊंच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं आम्हाला वाटलं होतं. ते घाबरलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवसापासून वरून पुन्हा पियानो सुरू झाला, आणि तो सकाळी नऊ ते बारा न राहता दिवसभर चालू राहिला. आठवड्याने ते खाली आले, टेबलावर कागद ठेवले आणि म्हणाले की तिसरा भाग कच्चा आहे, तो मी काढला. सुरुवातही उगाच लांबवली होती. आता बावीस मिनिटं झाली आहेत.

मी थक्क झाले. विचारलं, "मग एवढं भांडलो कशासाठी?"

"आजवर दुसरेच कापत होते," ते म्हणाले, "म्हणून मी मनात सगळं बरोबरच धरून बसलो होतो. आता कोणी कापत नाही म्हटल्यावर मला स्वतःला ऐकावं लागलं."

आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, राजरत्नला इतक्यात सांगू नका. नाहीतर तो भाषण वाढवील.

कार्यक्रम एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी मिल्टनमध्ये. सकाळपासून गोठणारा पाऊस पडत होता. लोकांनी बर्फासाठीचे विंटर टायर्स काढून टाकले होते आणि चारशे एक नंबरच्या हायवेवर गाड्या सरपटत होत्या. साडेपाचला हॉलमध्ये दोनशे माणसं होती, पण आमच्या एकोणीसपैकी सहा गायक हॅमिल्टनहून यायचे होते आणि ते वाटेत कुठेतरी अडकले होते. त्यांच्यात सगळ्यात वरचे सूर लावणाऱ्या तिघी होत्या. राजरत्नभाऊंनी ओळख, पाहुणे, सगळं लांबवून पाहिलं. शेवटी स्वतःचं चार मिनिटांचं भाषण केलं, त्यात वडिलांबद्दलचं एक वाक्य ठेवलं, आणि ते वाक्य ऐकून माझ्या शेजारची बाई रडली. मग आम्ही सगळे स्टेजवर गेलो, राजरत्नभाऊ आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून सूर धरला.

तेरा जणांनी सुरुवात केली. पियानो नाही, फोन नाही, नुसते आवाज. पुढच्या रांगेने ते सहा शब्द म्हटले, मग मधल्या रांगेने, मग मागच्या. मागच्या रांगेत प्रेमानंद आणि मी आणि आणखी दोघं. मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की आम्ही हरवलो आहोत. प्रेमानंद शेतीच्या आवाजात ठामपणे चुकीचं पान म्हणत होता, आणि विशालने चुकून बेनीभाऊंसमोरची दोन पानं एकदम उलटली होती. बेनीभाऊंचे हात हवेत पोहत होते.

तेवढ्यात हॉलचं मागचं दार उघडलं. हॅमिल्टनची सहा माणसं, ओले कोट, पायात बर्फाने माखलेले बूट. स्टेजपर्यंत चालत येणं शक्य नव्हतं, मधली वाट खुर्च्यांनी भरली होती. ती तिथेच, वॉशरूमच्या दाराशी, उभी राहिली. आणि गाऊ लागली. आमच्याहून काही सेकंद मागे, बरोबर तेच शब्द. वरचे सूर हॉलच्या मागून डोक्यांवरून पुढे आले.

बेनीभाऊ क्षणभर थबकले. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, आणि तोंड प्रेक्षकांकडे करून मागच्यांना इशारे देऊ लागले. प्रेक्षकांना वाटलं, हे इशारे आपल्यालाच आहेत. पुढचे लोक उभे राहिले आणि म्हणू लागले. शब्द सहाच होते, एव्हाना सगळ्यांना पाठ झाले होते. मग मधले उठले. मागच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं, जी हीटरजवळ बसायला म्हणून मागे गेली होती, ती सगळ्यात शेवटी लागली. आम्ही स्टेजवरचे संपलो तेव्हा हॉलचा मध्य चालू होता. मध्य संपला तेव्हा मागे चालू होतं. माझी आई मागेच होती. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही, पण ओठ हलताना दिसले, आणि ती कोणाकडेही बघत नव्हती.

सगळं थांबल्यावरही राजरत्नभाऊ थांबले नाहीत. त्यांनी डोळे मिटलेले होते आणि कोणी थांबा म्हणालं नव्हतं. तो एक सूर बराच वेळ हॉलमध्ये एकटा चालू राहिला. शेवटी बेनीभाऊ त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

टाळ्या सुरू झाल्या. मग त्या थांबेनात. काही आजोबा स्टेजवर चढून बेनीभाऊंना जय भीम म्हणत होते, आणि ते प्रत्येकाला वाकून, अगदी बरोबर उच्चारात, जय भीम म्हणत होते. प्रेमानंदने कबूल केलं की आपण चुकीचं पान म्हणत होतो. बेनीभाऊ म्हणाले, त्यांना कळलं होतं, आणि त्या जागी ते जास्त बरं वाटलं, तसंच लिहून टाकू. हॉल साडेनऊला परत दिला. शाळेच्या केअरटेकरने उशिराबद्दल काही म्हटलं नाही. तोही दारात उभा राहून ऐकत होता असं कृतिकाने सांगितलं.

घरी येताना गाडीत मी आईला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, बरं होतं, पण बेनीभाऊंनी जेवताना भात घेतला नाही.

त्यानंतर मागण्या येऊ लागल्या. कोणाला मुलीच्या नामकरणासाठी हवं, कोणाला आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी. किती मोठं लिहू, असं बेनीभाऊ विचारतात. लोक घाबरून म्हणतात, तुम्हाला हवं तेवढं. मग ते पाच-सहा मिनिटांचं काहीतरी लिहितात आणि वर म्हणतात, एवढंच होतं त्यात. बॅलेच्या क्लासमध्ये पियानो वाजवणं त्यांनी सोडलंय, गुडघे दुखतात म्हणून. शनिवारची तालीम चालू आहे, गायक आता सत्तावीस आहेत, आणि विशाल अजून पानंच उलटतो.

सध्या हॅमिल्टनच्या मंडळींसाठी ऑक्टोबरच्या दीक्षादिनाची एक रचना चालू आहे. शब्द पुन्हा प्रेमानंदचे, आणि या वेळी त्यातले बरेच टिकले आहेत. गेल्या मंगळवारी मी ऑफिसात विम्याच्या एका क्लेमवर काम करत असताना बेनीभाऊंचा फोन आला. आवाज तातडीचा होता. त्यांना विचारायचं होतं की मराठीतला ळ चार मात्रा लांबवता येतो का. कांताबाई म्हणते येतो, प्रेमानंद म्हणतो येत नाही, त्याच्या आधीचा स्वर लांबवायचा, आणि दोघं आपापल्या जागी अडून बसलेत. मी म्हटलं, पाहून सांगते. वॉशरूममध्ये गेले, कोणी नाही याची खात्री केली, आणि आरशासमोर उभी राहून ळ धरला. दुसऱ्या मात्रेला आमची मॅनेजर आत आली. मी चौथी मात्रा पूर्ण केली, हात धुतले आणि बाहेर येऊन फोन लावला.

"येतो," मी सांगितलं. "पण जीभ दुखते."

"छान," बेनीभाऊ म्हणाले, आणि पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.